डबीवाल्या राणीचा शेवट

संध्याकाळी पाच ते साडेपाच या वेळेत केजमध्ये कुणाला लुगडं, धोतर, पोलक्याचा कपडा असं काही हवं असेल, तर त्याने खुशाल दुसऱ्या दुकानात जावं, असा माझा शिरस्ता होता. शटर अर्धं खाली ओढायचं, मागच्या खोलीत जायचं आणि टीव्हीपुढं मांडी घालून बसायचं. वय अडतीस, डोक्यावर केस नावापुरते, पोट मात्र भरघोस. आणि बघायचं काय, तर कार्टून.

अर्थात कार्टून म्हटलेलं मला खपायचं नाही. 'नभद्वीप' ही चित्रांतून सांगितलेली महागाथा आहे, असं मी शटरखालून वाकून गिऱ्हाइकाला ऐकवायचो. खेड्यावरून आलेल्या बाया ऐकून घ्यायच्या आणि एकमेकींना म्हणायच्या, "शेठ बरे हायत ना?" तसंही गिऱ्हाईक कमीच झालं होतं. एसटी स्टँडासमोर रेडिमेडची दुकानं लागली होती आणि कालपर्यंत माझ्याकडून पायजम्याचा कपडा फाडून नेणारी पोरं आता जीनपँट मागत होती. जगाने मला सोडलं होतं, म्हणून मी आकाशात तरंगणाऱ्या बेटांवर राहायला गेलो होतो. असं मी स्वतःला सांगायचो. जगदेवी, म्हणजे माझी बायको, त्याला सरळ आळस म्हणायची.

ही मालिका केजला आणली केबलवाल्या पप्पूने. त्याने तहसीलच्या मागच्या गच्चीवर छत्री बसवली, गावभर काळी वायर लोंबकळवली आणि घराघरात चॅनेल सोडले. त्यातल्या एकावर रोज पाच वाजता 'नभद्वीप' लागायचं. कुठल्यातरी परमुलखात काढलेली चित्रं आणि मुंबईत बसवलेली हिंदी. नायक वायुकेश. वारा सुटला की त्याचे पिवळे केस हातभर वाढायचे आणि त्या केसांच्या जोरावर तो उडायचा. टकल्या माणसाला असा नायक का आवडतो, हे मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याचे वैरी म्हणजे छायाजन. त्यांच्या प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याला एक चांदीची डबी. जीव त्या डबीत. डबी फुटली की छायाजन मेला, नाहीतर कितीही मारा, पुन्हा उठून उभा. त्यांची राणी कालरंजनी. केजच्या पोरांनी या सगळ्या मंडळींना एकच सोपं नाव ठेवलं होतं, डबीवाले.

आता आम्ही लिंगायत वाणी. आमच्याही गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं. माझ्या गळ्यात आहे, माझ्या बापाच्या होतं, आणि माझी नऊ वर्षांची लेक शिवांजली, तिला मठात दीक्षा मिळाली ती गेल्या शिवरात्रीला. नवी कोरी डबी फ्रॉकवर झुलवत ती गावभर हिंडली होती. अंबाजोगाईच्या गाडीतल्या कंडक्टरलासुद्धा तिने ती दाखवली, आणि त्या बिचाऱ्याने तिकिटं फाडायचं थांबवून पाया पडल्यासारखं केलं.

दिवाळीनंतर मात्र ती डबी फ्रॉकच्या आत गेली. हे आधी जगदेवीला दिसलं.

"पोरगी डबी आत कावून घालती, बघितलं का तुमी?"

"उकडत असेल," मी टीव्हीवरची नजर न काढता म्हणालो.

"थंडीत?"

मी म्हणालो, नंतर बघू, आता वायुकेश संकटात आहे.

मालिकेवरून जो वाद झाला, त्याला तोंडही मीच फोडलं. शिवलिंगअप्पा हे आमच्या समाजातले वडीलधारे, किराण्याचे जुने व्यापारी आणि मठाचे कारभारी. एके दिवशी ते पावणेपाचला धोतरजोडी घ्यायला आले. मी कापड दाखवता दाखवता पाच वाजवले आणि "अप्पा, जरा बसा" म्हणत आत सटकलो. अप्पा थांबून कंटाळले आणि आत येऊन माझ्या शेजारीच बसले. अर्धा तास त्यांनी डोळ्याची पापणी हलवली नाही. मला वाटलं, अजून एक भक्त मिळाला.

"ह्या गळ्यातल्या डब्या कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

"छायाजनांच्या."

"म्हंजी राक्षसांच्या."

"तसं अगदी राक्षस म्हणता येणार नाही, अप्पा..."

अप्पा धोतर न घेताच गेले. दोन दिवसांनी मठात बैठक बसली. विषय एकच. या मालिकेत आपल्या गळ्यातली डबी दुष्टांच्या गळ्यात दाखवतात, तेव्हा पप्पूला सांगून ती बंद करावी. शेवट अगदी जवळ आला होता आणि हे लोक तो माझ्या तोंडातून काढून घेणार होते. बैठकीत मी जे काही बोललो ते समाजासाठी, लेकरांसाठी, कलेसाठी बोलतोय असं दाखवलं. खरं कारण एवढंच होतं की मला शेवट बघायचा होता.

मी उभा राहिलो आणि खिशातला कपड्यावर खुणा करायचा खडू काढून मठाच्या फरशीवरच दोन डब्या काढल्या. ही त्यांची, ही आपली. त्यांची चपटी, आपली फुगीर. त्यांच्या डबीत भीती कोंडलेली, आपल्या डबीत शिव. शिवाय हे चित्र काढणारा माणूस समुद्रापलीकडचा. त्याने केज बघितलेलं नाही, बीड बघितलेलं नाही, तो आपला अपमान करील तरी कसा? शिवाय सतराव्या भागात कालरंजनीने तहानेल्या पाखराला आपल्या ओंजळीतून पाणी पाजलं होतं. ती दुष्ट नव्हतीच, ती गुंतागुंतीची होती. 'गुंतागुंतीची' हा शब्द मी इतक्या जोरात म्हणालो की कोपऱ्यात डुलकी घेणारे एक काका दचकून जागे झाले.

शिवलिंगअप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "राजेश्वर, तिकडच्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हनतच न्हाई. त्यांना काय ठावं? मी म्हनतोय, इथं बसून बघनारं लेकरू काय बघतंय?"

प्रश्न सरळ होता. उत्तर आलं नाही की आवाज चढवावा, हे धंद्यात बापाने शिकवलेलं.

"अप्पा, तुमच्या दुकानात तिखट मिळतं. उद्या नाटकातला खलनायक तिखट विकताना दाखवला, तर तिखट खायचं बंद करायचं का?"

सगळे हसले. अप्पाही थोडे हसले. तेवढ्यात चहा आला आणि बैठक मोडली. पुढे बरेच दिवस मी लोकांना सांगायचो की मी मुद्देसूद बोलून मालिका वाचवली. खरं म्हणजे ती चहाने वाचवली.

विजयी वीर घरी आला तेव्हा जगदेवी भाकरी थापत होती. मी तिला सगळा वाद साभिनय ऐकवला, तिखटाचा दाखला दोनदा. तिने भाकर उलटली आणि म्हणाली, "जिंकलात, चांगलं झालं. आता उद्या जरा आपली लेक मागच्या गल्लीत काय खेळती ते बघून या."

दुसऱ्या दिवशी पाचाच्या आधी मी शिवांजलीला बोलवायला म्हणून मागच्या गल्लीत गेलो. कुणाचंतरी बांधकाम चाललेलं होतं, तिथं वाळूचा ढीग पडलेला. ढिगावर पोरं 'नभद्वीप' खेळत होती. वायुकेश झाली होती स्वप्नाली, मागच्या गल्लीतली पुढारी पोरगी. तिने डोक्याला पिवळं कापड बांधलं होतं आणि ते पाठीवर हातभर लोंबत होतं. ते कापड मी ओळखलं. माझ्याच दुकानातलं पॉपलिन. महिन्यापूर्वी तिने "काका, केसांसाठी पायजे" म्हटल्यावर मी मोठ्या कौतुकाने फुकट फाडून दिलं होतं.

ढिगाच्या खाली शिवांजली उभी होती. एकटी.

"मर गं डबीवाले!" स्वप्नाली ओरडली आणि केस फिरवत उडी मारून आली. माझी लेक सवयीने वाळूत आडवी झाली. पडताना कोपर लागू नये म्हणून हात कसा दुमडायचा, हे तिला बरोबर ठाऊक होतं. मग उठून तिने वाळू झटकली, गळ्याशी हात नेला आणि डबी आत आहे ना ते चाचपलं.

मी तिथंच उभा राहिलो. मालिका सुरू झाली असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

घरी येताना विचारलं, "तू कधी वायुकेश होत नाहीस?"

"मला कसं होता येईल?" ती म्हणाली. "माझ्याकडं डबी हाय ना. ज्याच्याकडं डबी हाय त्यो डबीवाला. त्येंच्याकडं कुनाकडंच न्हाई."

"मग रोज तूच मरतेस?"

"रोज न्हाई. रविवारी आमी लगोरी खेळतो."

"आणि माझ्याबरोबर मालिका बघायला का बसतेस मग?"

"तुमाला एकट्याला करमत न्हाई म्हनून."

एखाद्या शहाण्या बापाने इथं मालिकेचं नाव टाकलं असतं. पण मी तर मालिकेचा वकील. मी ठरवलं की पोरांनाच पटवू. दुसऱ्या दिवशी वाळूच्या ढिगावर चढून सतराव्या भागातलं पाखरू, ओंजळ, पाणी आणि गुंतागुंत असं सगळं समजावून सांगितलं. पोरांनी मठातल्या मंडळींपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलं. मग भारत नावाचं एक किडकिडीत पोरगं म्हणालं, "काका, राणी चांगली हाय म्हनता, तर मग शेवटी मरती कावून?"

"कुठं मेली अजून?"

"शेवटच्या भागात मरंल की."

"मरेलच कशावरून? डबी फुटल्याशिवाय ती मरत नाही."

मग पोरांनी आपसात कुजबुजून निवाडा केला. शेवटच्या भागात राणी मेली, तर डबीवाली मरतच राहणार आणि शिवांजलीने तक्रार करायची नाही. नाही मेली, तर पुढे शिवांजलीला हवं ते होता येईल आणि पाडलं तरी उठता येईल. "चालंल," शिवांजली म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. मी छाती फुगवून मान हलवली. राणीला मारणार नाहीत, याची मला खात्री होती. इतकी देखणी चित्रं काढणारी माणसं इतकी ढोबळ वागणार नाहीत, असं माझं मत होतं.

शेवटच्या भागाच्या दिवशी मी चारलाच शटर ओढलं. खोलीत पोरं दाटीवाटीने बसली. शिवांजली माझ्या मांडीला टेकून. भाग सुरू झाला, वायुकेश राणीच्या किल्ल्यात शिरला, आणि लाईट गेली.

अख्ख्या केजची गेली. पोरांनी एकच गलका केला. मला मात्र आठवलं की पप्पूच्या खोलीत जनरेटर आहे. "बसा, आलोच," म्हणत मी चप्पल न घालता पळालो. तहसीलच्या मागचा तो जिना मी कसा चढलो, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. जनरेटर धडधडत होता, पप्पू त्याच्यापुढं उकिडवा बसून कसलीतरी नळी हाताने दाबून धरत होता आणि टेबलावरचा छोटा टीव्ही चालू होता.

"शेठ, काय झालं, कोन गेलं?" तो ओरडला.

"कुणी नाही. तू नळी धर."

आणि सगळ्या केजमध्ये शेवट बघितला तो मी एकट्याने. वायुकेशचे केस राणीच्या गळ्याभोवती गेले. दोरा तुटला. डबी खाली पडली आणि फुटली. एकदा फुटली असती तर म्हटलं असतं, नीट दिसलं नाही. त्या शहाण्यांनी ती तीन वेळा फोडून दाखवली, सावकाश, तीन बाजूंनी. मग राणीचा धूर झाला आणि बेटावरचे सगळे लोक नाचले. इतके दिवस असलं काही झालं की टाळ्या वाजवणारा माणूस मीच होतो. त्या दिवशी माझा हात आपोआप सदऱ्याच्या आत गेला आणि माझी डबी मुठीत धरून मी खुर्चीवर बसून राहिलो. मला त्या पिवळ्या केसांची शिसारी आली.

"संपलं का? कोन जिंकलं?" पप्पूने विचारलं.

"वायुकेश," मी म्हणालो.

खाली आलो तर पोरं जिन्यापाशीच येऊन उभी. सगळ्यांच्या पुढे स्वप्नाली, सगळ्यांच्या मागे शिवांजली. तिचा हात फ्रॉकच्या गळ्याशी.

"काका, मेली का?"

या मालिकेच्या बाबतीत मी आजवर कुणाची बारीकशी चूक खपवून घेतली नव्हती. वायुकेशच्या बुटाचा रंग चुकीचा सांगितला म्हणून मी एकदा गिऱ्हाइकाशी भांडलो होतो. लेकीच्या हाताकडं बघितलं आणि बोललो.

"नाही मेली. पडली आणि उठली."

"डबी?"

"शाबूत."

"कुठं गेली मग?"

"गेली आपल्या गावाला."

भारतने डोळे बारीक केले. "शपथ घ्या. डबीची."

पोरगं पुढं वकील होणार. मी सदऱ्यातून डबी बाहेर काढली, मुठीत धरली आणि भर रस्त्यात, तहसीलसमोर, खोटी शपथ घेतली. मनात एवढंच म्हणालो, महादेवा, ही तुझीच पोरगी आहे, आपलं आपण नंतर बघून घेऊ. अजून तरी त्याने काही केलेलं नाही. डोक्यावरचे होते ते केस गेले, पण ते तसेही जाणारच होते.

रात्री जेवताना जगदेवीलाही मी तेवढंच सांगितलं, तर तिने विचारलं, "फुटली ना तिची डबी?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमी कोनत्या भागाचा शेवट कवा एवढ्या थोडक्यात सांगितलाय?" ती म्हणाली आणि माझ्या ताटात न मागता तुपाची धार धरली.

पण एक भानगड राहिली होती. भागाच्या शेवटी पडद्यावर अक्षरं आली होती की सोमवारपासून मालिका पुन्हा पहिल्यापासून दाखवणार. म्हणजे फिरून तो शेवट येणार, तेव्हा लाईट असणार, आणि तीन बाजूंनी डबी फुटणार. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पप्पूच्या खोलीवर हजर.

"पप्पू, ते पाच वाजताचं चॅनेल बंद कर. त्याच्या जागी दुसरं काहीही लाव."

"आरं बापरे! शेठ, तुमीच तर मठात खडू घेऊन भांडलतात म्हने! आता कावून?"

"समाजाच्या भावना दुखावतात," मी म्हणालो. हे वाक्य मी कुठून उचललं, ते त्याला ठाऊक होतं, मलाही.

बातमी संध्याकाळपर्यंत शिवलिंगअप्पांकडं गेली. ते दुकानात आले, आमच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे "शरणार्थ" म्हणून नमस्कार केला आणि राहिलेली धोतरजोडी घेतली. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मानूस शिकतो रं, उशिरा का व्हईना." मी खाली मान घालून कापडाची घडी करत राहिलो. त्यांचा प्रश्न बरोबर होता, हे मला त्यांना सांगायचं होतं. पण सांगायला गेलो असतो तर शपथेची गोष्ट निघाली असती, आणि खोट्या शपथेला मठात प्रायश्चित्त काय असतं ते मी मुद्दाम कुणाला विचारलेलं नाही.

आता पाच वाजता माझं शटर पूर्ण उघडं असतं. गिऱ्हाईक नसतंच. मग मी मागच्या दारात स्टूल टाकून वाळूच्या ढिगाकडं बघत बसतो. परवा शिवांजली ढिगावर उभी होती, डबी फ्रॉकवर, उन्हात चमकत. स्वप्नालीने तिला खाली पाडलं. ती पडली, हात दुमडून, आणि लगेच उठून उभी राहिली. पुन्हा पाडलं, पुन्हा उठली. स्वप्नाली दमली. तिने डोक्यावरचं माझं पॉपलिन काढून तोंडाचा घाम पुसला आणि म्हणाली, "आज मी व्हते डबीवाली. तू वायुकेश व्हय."

शिवांजलीने तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुझ्याकडं डबी कुठं हाय?" ती म्हणाली.